सुपारीचा चंद्र

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की राजाचं नाव लोक विसरले आणि गोष्ट तेवढी उरली.

त्या राजाच्या राज्यात समुद्राकाठी एक गाव होतं. गावात एक पंतोजी राहत. आकाशाचं ज्ञान त्यांच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला नव्हतं. रोज दिवेलागणीला ते देवळाच्या ओट्यावर बसत आणि समोर समई लावत. समई म्हणजे सूर्य, नारळ म्हणजे पृथ्वी आणि सुपारी म्हणजे चंद्र. नारळाभोवती सुपारी फिरवून ते दिवस-रात्र, पुनव-अवस, भरती-ओहोटी सगळं उलगडून दाखवत. पोरंटोरं तर सोडाच, म्हातारेकोतारेही आ वासून बघत. राजाने खूश होऊन त्यांना शाल दिली होती. पंतोजी ती ऐन उन्हाळ्यातही पांघरत!

पंतोजींना एक मुलगी होती. मोठी चौकस पोर. पण तिन्हीसांजेला धाकट्या भावाचा पाळणा हलवायला तिला घरीच थांबावं लागे. त्यामुळे गावाने पाहिलेला सुपारीचा चंद्र तिने मात्र कधी पाहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एकदा पंतोजी ओट्यावरून घरी आले. घसा सुकलेला, पोटात कावळे ओरडत होते. पानात गरम भात वाढलेला होता. मुलगी शेजारी येऊन बसली.

"बाबा, समुद्राचं पाणी वर का चढतं?"

"चंद्र ओढतो म्हणून."

"मग अवसेला चंद्र नसतो, तेव्हा कोण ओढतं?"

पंतोजींचा घास हातात राहिला. उत्तर त्यांना येत होतं. अवसेलाही चंद्र असतो. तो दिवसा सूर्याच्या बाजूला असतो आणि त्याची उजळ बाजू पलीकडे असते, म्हणून आपल्याला दिसत नाही. तो आणि सूर्य मिळून पाणी ओढतात, म्हणून अवसेलाही पुनवेसारखंच उधाण येतं. त्याच संध्याकाळी त्यांनी हे गावाला शिकवलं होतं. पण ते पुन्हा सांगायचं म्हणजे पिशवीतून नारळ काढा, सुपारी शोधा, समई पुढे ओढा.

"कुणी नाही ओढत," ते म्हणाले. "आता जेवू दे मला."

मुलगी उठली. बाबांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार, यात तिला शंका नव्हती.

पुढे अवस आली. त्या गावची रीत अशी, की अवसेला कुणी होडी पाण्यात घालायची नाही. त्यामुळे किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. सकाळी मुलीने पाहिलं, तर समुद्र कधी नव्हे इतका मागे हटलेला. थेट लांबच्या काळ्या खडकापर्यंत नुसती ओली वाळू. 'बाबा म्हणाले ते अगदी खरं,' तिला वाटलं. शेजारच्या कोळणीच्या चिमुरडीला घेऊन ती शिंपले वेचायला निघाली.

"पाणी आलं तर गं?" चिमुरडीने विचारलं.

"आज चंद्रच नाही. ओढणार कोण? माझ्या बाबांनी सांगितलंय."

पंतोजींचं नाव निघाल्यावर चिमुरडीची भीती पळाली. दोघी खडकावर पोचल्या आणि शिंपल्यांत रमल्या. मान वर केली तेव्हा मागची वाळू दिसेनाशी झाली होती. पाणी खडकावर चढू लागलं. मुलीने चिमुरडीला कडेवर घेतलं. पाणी गुडघ्यांना लागलं, मग कमरेला लागलं. दोघी जिवाच्या आकांताने ओरडू लागल्या.

कोळणीने हाक ऐकली. तिने रीतभात बघितली नाही. एकटीने होडी लोटली, लाटांशी झुंजत खडक गाठला आणि दोन्ही पोरी ओढून घेतल्या.

किनाऱ्यावर गाव जमलं. पंतोजीही धावत आले. भिजलेल्या चिमुरडीने हुंदके देत सगळं सांगितलं. कोळीण पंतोजींकडे वळली.

"पंतोजी, अवसेला पानी चढत न्हाय, असं तुमी सांगितलंत पोरीला?"

सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. तेवढ्यात त्यांची मुलगी पुढे आली.

"बाबा असं म्हणालेच नाहीत. मीच आपल्या मनाने सांगितलं."

लोकांनी माना डोलावल्या. पोरंच ती, काहीबाही बोलायचीच. गर्दी पांगू लागली. पंतोजींची अब्रू वाचली होती, आणि तरी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. ज्या पोरीला एक खरं उत्तर द्यायचा त्यांनी कंटाळा केला, ती त्यांच्यासाठी चारचौघांत खोटं बोलली होती.

"थांबा!" ते म्हणाले. "पोर मला वाचवायला बघतेय. मीच तसं सांगितलं होतं."

कोळीण चकित झाली. "तुमाला ठावं नव्हतं?"

"ठाऊक होतं. भात निवेल म्हणून सांगितलं नाही."

कोळणीने पाठ फिरवली. पोरीला पदरात गुंडाळून ती निघून गेली. तिने शिव्या घातल्या असत्या, तर पंतोजींना सोसलं असतं.

त्यांनी शाल घडी करून ठेवली, ती पुन्हा अंगावर घेतली नाही. ओट्यावर जाण्याआधी ते आता रोज पाळण्यापाशी समई मांडत, नारळ आणि सुपारी घेऊन बसत. मुलगी समोर बसे. सगळं निमूट ऐके.

"कळलं ना, बाळ?"

"हो, बाबा."

"काही विचारायचंय?"

"नाही."

पूर्वी त्या घरात प्रश्नांचा नुसता चिवचिवाट असे. आता पंतोजी एका प्रश्नासाठी झुरू लागले. केलेल्या कर्माची लाज त्यांना रोज त्या 'नाही'मध्ये ऐकू येई. पावसाळा सरला, हिवाळाही सरत आला.

मग एका संध्याकाळी ते ओट्यावरून परतले आणि पानावर बसले. भाताची वाफ वर येत होती. मुलीने पिशवीतला नारळ काढला, उलटा केला आणि खालच्या बाजूला हळूच बोट टेकलं.

"बाबा, इथे राहणारी माणसं पडत कशी नाहीत?"

पंतोजींनी भरल्या डोळ्यांनी ताट बाजूला सारलं. "ये, बस. समई आण," ते म्हणाले. त्या दिवशी भात पार गार झाला, आणि तोच त्यांना गोड लागला.

बोध: लेकराच्या प्रश्नाला कंटाळून खोटं उत्तर देऊ नये, कारण ते आपल्या शब्दावर विसंबून पाण्यात पाऊल टाकतं.