साळिंदराच्या बिळाचे मागचे दार

डोंगरातून नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर, करवंदीच्या जाळीखाली, एक साळिंदर राहत असे. उन्हाळ्यात पाणवठे आटले की प्राणी नदीकडे निघत आणि वाटेत त्याच्या बिळात मुक्काम करत. जाताना ते कंद ठेवून जात, त्यावर साळिंदराचा पावसाळा निघे. पण मुलांनो, पाहुणे ठेवायचे तर जंगलाच्या पंचायतीचा परवाना लागे, आणि परवान्यासाठी बिळाला दोन दारे लागत. पंचायतीची घोरपड दरवर्षी पुढच्या दाराने आत शिरे. ती मागच्या दाराने बाहेर पडली, तरच परवाना मिळे. ते दार मोकळे ठेवता ठेवता साळिंदराच्या नखांची पार वाट लागे.

एका उन्हाळ्यात शेजारच्या कोल्ह्यानेही आपल्या बिळात पाहुणे घ्यायला सुरुवात केली. परवाना नाही, मागचे दार नाही. उलट त्या जागेत आणखी चार जण मावत. "या, या! अर्ध्या कंदांत मुक्काम!" असे तो वाटेवर उभा राहून ओरडे. पाहुणे तिकडे वळले. साळिंदराकडे उरली एक म्हातारी सशीण.

"साळिंदरदादा, बुजवून टाका ते मागचं दार," कोल्हा हसून म्हणाला. "त्यातून कधी कोणी गेलंय का?"

साळिंदराला राग आला आणि खरे सांगायचे तर भीतीही वाटली. पावसाळ्यात खायचे काय? तरीही ते मागच्या दारात पडणारी माती उपसत राहिले.

एका दुपारी बिथरलेल्या गव्यांचा कळप वाटेवरून धडधडत गेला आणि दोन्ही बिळांची पुढची तोंडे ढासळली. सशीण मागच्या दाराने आरामात बाहेर आली. कोल्ह्याच्या बिळातून मात्र "वाचवा! वाचवा!" असा आक्रोश ऐकू येऊ लागला, आणि त्यात कोल्ह्याचाही आवाज होता. साळिंदर धावले. त्याने मागच्या बाजूने अशी काही माती उकरली की बघता बघता वाट झाली. धापा टाकत सगळे बाहेर आले, शेवटी कोल्हा.

"हाकला याला जंगलातून!" पाहुणे पंचायतीत ओरडले.

"हाकलू नका," साळिंदर म्हणाले. "जो नियम मला, तोच त्याला लावा. एवढंच मागणं आहे माझं."

पंचायतीने तसेच केले. कोल्ह्याला आठ दिवस माती उपसावी लागली, आणि मागचे दार झाल्यावर त्याच्या बिळात जेमतेम तिघे मावू लागले. बाकीचे सगळे साळिंदराकडे आले. जागा पुरेना, तेव्हा साळिंदराने ऐटीत काटे फुलवले आणि नवी खोली खणायला घेतली.

तात्पर्य : नियमाचे ओझे फक्त नियम पाळणाऱ्यावर पडू नये, एकच काम करणाऱ्या सर्वांना नियमही एकच असावा.