साळूचे काटे आणि हमखास सोने

एका जंगलात, जिच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात अशा नदीच्या काठी, एक तरणी साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर लांब काट्यांचे, हे मुलांनो, तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर चित्र बघा. घरातल्या मोठ्यांना विचारू नका. त्यांना सगळेच ठाऊक असते असे त्यांना वाटते, आणि ही गोष्ट नेमकी तसल्याच मोठ्यांची आहे.

साळिंदरांच्या कळपात एक रीत होती. पाठीवर पहिल्यांदा पुरते काटे आले, की पोराने कोल्ह्याच्या सोनसहलीला जायचे. कोल्हा त्याला नदीवर नेई, लाकडी काथवटीत वाळू घेऊन धुई आणि त्यातून निघालेला सोन्याचा कण डिंकाने पोराच्या कपाळावर चिकटवी. त्या बदल्यात तो पाठीवरचे काटे मुळासकट उपटून घेई. असे उपटलेले काटे पुन्हा कधी धड येत नसत. पण ज्याच्या कपाळावर कण, त्यालाच वडाखालच्या सभेत जागा मिळे. शिवाय कोल्ह्याने एक नियम घालून दिला होता : नदीने दिलेले सोने पुन्हा पाण्याला दाखवायचे नाही, दाखवले तर नदी रागावते आणि परत घेते. म्हणून पाण्याचा शिंतोडा दिसला तरी कळपातले थोर कपाळावर पंजा धरून पळत सुटत.

कपाळ पिवळे आणि पाठ उघडी. परक्याला पाहून हसूच आले असते. कळपात मात्र कुणी हसत नसे, कारण बिबट्याला उघडी पाठ फार आवडे. साळूचा थोरला भाऊ असाच सहलीहून मिरवत आला, आणि कपाळावरचा डिंक नीट वाळायच्या आत बिबट्याने त्याला नेले. खडकापाशी उरला तो फक्त त्याचा कण. थोर म्हणाले, "नशीब एकेकाचं." आणि जेवायला गेले. साळूने तो कण पळसाच्या पानात गुंडाळून ठेवला. ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो राग तिने त्या कणासारखाच जपून ठेवला.

यथावकाश साळूची पाठ काट्यांनी भरली. आजोबांनी तिला बोलावून घेतले.

"आता कोल्हेबुवांकडे जायचं. नीट अंघोळ करून जा, आणि तिथं तोंड चालवू नकोस."

"सोनं शोधायला मलाही शिकायचंय, आजोबा," साळू म्हणाली. "पण वाटाड्या कोण ते मी ठरवणार."

"ठरवणार?" आजोबांनी पाय आपटला. "आम्ही नाही ठरवलं कधी! सांगितलं तिथं गेलो. आमचं काही बिघडलं?"

साळूने त्यांच्याकडे पाहिले. आजोबा बिळाच्या भिंतीला पाठ चिकटवून बसले होते. बिबट्या मागून येईल या धास्तीने ते सदानकदा असेच बसत.

"काहीच नाही बिघडलं," ती म्हणाली. "म्हणून तर भिंत सोडून कधी बसला नाहीत."

"कार्टीच्या जिभेला हाड म्हणून नाही!" कोपऱ्यातून थोरल्या आत्या कडाडल्या. त्याही भिंतीला टेकूनच बसल्या होत्या.

पलीकडच्या काठावर एक म्हातारी पाणमांजर राहत असे. तीही नवशिक्यांना सोने शोधायला नेते, असे साळूने ऐकले होते. पण तिच्याकडे जायला कुणी धजत नसे, कारण तिच्याकडून येणाऱ्यांची कपाळे कोरी असत. साळू सरळ तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मावशी, तुमच्याबरोबर आले तर सोनं मिळेल?"

"मला काय ठाऊक? मी नदीच्या पोटात जाऊन आलेय का?"

"कुणी रिकाम्या हातानं परत गेलंय?"

"ढीगभर. काल मीच आले रिकामी. आणि ते चिखलाचे पाय बाहेर पूस आधी."

"जागा कोण निवडणार?"

"तू. चुकशील. मग का चुकलीस ते मी सांगीन. काथवटही तूच हलवायची, माझी मनगटं गेली आता." पाणमांजरीने काथवटीत मूठभर वाळू घेतली आणि पाणी खेळवले. वाळू काठावरून वाहून गेली, तळाशी काळसर गाळ तेवढा राहिला. "बघ. हलकं असतं ते पाणी घेऊन जातं. सोनं जड, ते तळ सोडत नाही. ह्या गाळात असलं तर असतं, नसलं तर नसतं."

"आणि मोबदला?"

"आपोआप गळालेले काटे असतील तर आण, मासे टोचायला बरे पडतात. अंगावरचे उपटून आणलेस तर हाकलून देईन. रक्ताच्या वासानं मासे पळतात माझे."

साळूला ही बया मुळीच आवडली नाही. तिचे एकही उत्तर गोड नव्हते. पण गोड उत्तरे ऐकून भाऊ गेला होता, हे ती विसरली नव्हती. परतीच्या वाटेवर "सोनं तळ सोडत नाही" हे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात, आणि पानातला कण तिला एकाएकी फार हलका वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या वडाखाली सारा कळप जमला. ज्यांचे काटे त्या वर्षी नुकतेच भरले होते ती साळूच्या वयाची पोरेही रांगेत उभी होती. कोल्हा शेपटी फुलवून पुढे आला.

"या, या, ताईसाहेब! नवशिक्यांची आमच्याकडं खास बडदास्त! हमखास सोनं! आजवर एकसुद्धा पोर रिकाम्या हातानं गेलेलं नाही. विचारा या वडीलधाऱ्यांना!"

वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांची कपाळे चमकली.

"जागा मी निवडू?" साळूने विचारले.

"छे, छे! जागा ठरलेली असते."

"मग काथवट मी हलवू?"

"कशाला गं हाताला त्रास? तू फक्त डोळे मिटून नदीला नमस्कार करायचा. उघडशील तर सोनं समोर!"

"डोळे कशाला मिटायचे?"

"श्रद्धा म्हणून काही असते की नाही, ताई?"

"असते. बरं, आमचे काटे घेऊन तुम्ही करता काय?"

कोल्ह्याची शेपटी हलायची थांबली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलेच नव्हते. त्याच्या गुहेमागे काट्यांचा ढीग कुजत पडलेला येता-जाता सगळ्यांना दिसे. ज्याला ते नको होते, तो ते उपटत तरी का होता?

"औषध करतो," कोल्हा म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे, दानधर्म."

साळूने पानाची घडी उलगडली, भावाचा कण चिमटीत धरला आणि पाण्याच्या काठाशी गेली.

"अगं अगं! पाण्याला दाखवू नकोस!" आजोबा ओरडले. "नदी नेईल!"

"न्यायचं ते नेलंय आधीच," साळू म्हणाली, आणि तिने कण पाण्यात सोडला.

कण बुडाला नाही. काठाजवळच्या संथ पाण्यावर तो तरंगत राहिला, गोल गोल फिरला. डिंक विरघळू लागला, तशी आतली घडी हळूहळू सुटली आणि एक पिवळा, चकचकीत, पातळ पंख पसरून पाण्यावर आडवा झाला. सोनकिड्याचा पंख. कुठल्याही बोरीच्या झुडपावर पाहिजे तेवढे मिळतात.

"ह्याच्यासाठी," साळू म्हणाली. "ह्याच्यासाठी गेला तो."

आता थोर कोल्ह्याला धरतील, असे मुलांनो, तुम्हाला वाटले असेल. ते कुणी जागचे हलले नाहीत. त्यांनी आपापली कपाळे झाकून घेतली आणि साळूकडे डोळे वटारले.

"चारचौघांत शोभा केलीस आमची!" थोरल्या आत्या म्हणाल्या. "मला काय कळलं नव्हतं? माझा कण पहिल्याच पावसात सुटला होता. गपचूप दुसरा पंख डिंकानं चिकटवला आणि बसले. पाठ तर गेली ती गेलीच होती. मग सांगून काय मिळणार होतं?"

"माझा भाऊ मिळाला असता," साळू म्हणाली.

आत्यांनी मान खाली घातली. कोल्हा मात्र हसला. "मला कशाला दोष देता? मी कुणाच्या बिळात पोरं मागायला आलो होतो का? यांनीच आणून दिली, हाताला धरून."

तेवढ्यात करवंदीच्या जाळीमागून एक कंटाळलेला, जाड आवाज आला. "कोल्ह्या, झालं का रे सोलून? भूक लागलीय."

काटे कशासाठी उपटले जात, ते आता सगळ्यांना कळले.

जाळी हलली आणि बिबट्या बाहेर आला. थोर वडाच्या बुंध्याला पाठी लावायला धावले, एकमेकांना ढकलत, पोरांना बाहेर लोटत. साळू जागची हलली नाही. तिने गर्रकन वळून बिबट्याकडे पाठ केली, सगळे काटे उभारले आणि शेपटी खडखडवली. रांगेतल्या पोरांना हे कुणी शिकवले नव्हते, कारण शिकवणाऱ्यांच्या पाठीवर काटेच नव्हते. त्यांनी साळूकडे पाहिले आणि पोरेही तशीच वळली. मग सगळी मिळून उलट्या पावली बिबट्यावर धावली.

बिबट्याने पंजा मारला आणि कळवळून मागे घेतला. पंजा काट्यांनी भरला होता. भूक तशीच होती. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. कोल्ह्याला काटे नसतात, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आले. ते कोल्ह्याच्याही ध्यानात आले, पण जरा उशिरा.

जंगल शांत झाल्यावर आजोबा बुंध्यापासून न हलता म्हणाले, "बिबट्याला पळवलंस ते ठीक. पण वडीलधाऱ्यांदेखत उलट बोललीस, हे वळण काही चांगलं नव्हे."

साळू पाणमांजरीकडे निघून गेली. दिवसभर तिने स्वतः निवडलेल्या जागी वाळू उपसली, स्वतः काथवट हलवली, पाणमांजरीच्या शिव्या खाल्ल्या. काथवटीच्या तळाशी नुसता काळा गाळ राहिला. सोने नाहीच मिळाले.

संध्याकाळी ती कळपात परतली, तेव्हा आजोबा भिंतीला टेकून तिची वाटच पाहत होते.

"मिळालं का सोनं?" त्यांनी खवचटपणे विचारले.

"नाही मिळालं," साळू म्हणाली. "उद्या पुन्हा जाणार आहे."

आणि ती बिळाबाहेर जाऊन मोकळ्या माळाच्या मध्यभागी, कुठल्याच भिंतीचा आधार न घेता, ऐसपैस बसली.

तात्पर्य : "माझ्याकडून कुणीच रिकाम्या हाताने जात नाही" असे सांगणाऱ्या वाटाड्याच्या मागे जाऊ नका. आणि थोरांनी त्याच्याकडे बोट दाखवलेच, तर त्यांचे कपाळ पाहू नका. आधी त्यांची पाठ पाहा.