मोगरीचा हट्ट

देव वर्षातून एकदाच रथात बसून गावात फिरायचा, त्या जुन्या काळची गोष्ट. रथाच्या शिखरावर सोन्याचा कळस होता, आणि चाकाखाली घालून रथ थांबवायला एक लाकडी मोगरी होती.

त्या वर्षी कळसाने फर्मावले, "आज कुंभारगल्लीत थांबायचं नाही. चौकात सरदार हार घेऊन उभे आहेत."

"गल्लीत ठकूआजी बसलीय," मोगरी म्हणाली. "तिला देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत. वर्षभर ती आजचीच वाट बघते."

"तू चाकाखालचं लाकूड. तुला देवातलं काय कळतं?"

"तू आभाळाकडे बघतोस, मी रस्त्याकडे. देव कुणासाठी बाहेर पडतो ते मला रोज दिसत नाही, पण वर्षातून एकदा नक्की दिसतं."

आजीचा उंबरा आला तशी मोगरी आपणहून चाकाखाली शिरली. तिच्या अंगाचा टवका उडाला, पण रथ थांबला. कळस कलंडला.

"सरदार ताटकळलेत," तो कुरकुरला.

"ताटकळू दे," आतून देव म्हणाला. "ते रोजच भेटतात. त्यांच्यासाठी मी कशाला बाहेर पडू?"

ठकूआजीने हात जोडले. "उशीर केलास रे."

"काय करू आजी," देव म्हणाला, "डोक्यावरचा ऐकत नव्हता."