वरवंट्याची अंगाई

एका व्यापारी पेठेच्या टोकाला एकदा एक वृद्धा राहत असे. तान्ह्या बाळांची अंगडी-टोपडी आणि झोळ्या शिवण्यात तिचा हातखंडा होता. सारी पेठ तिला माई म्हणे. तिच्याकडे एक शिष्या शिकत होती. हात चलाख, पण काळीज सशाचे. दार वाजले तरी तिच्या हातून सुई सुटे.

एके दिवशी पेठेतला एक व्यापारी आला. त्याच्या घरी चौदा वर्षांनी नातू जन्मला होता. त्याने खळ दिलेल्या शुभ्र कापडाचा तागा उलगडला. कापड इतके कडक की त्याचा कोऱ्या कागदासारखा आवाज झाला.

"बघा माई, काय वीण आहे. यातून वारासुद्धा परवानगी काढून जाईल. बारशाला झोळी याचीच, आणि अंगडं-टोपडंही याचंच."

माईंनी कापडाचा कोपरा दोन बोटांत चुरगाळून पाहिला. "शेठ, झोळीला जरा सैल विणीचं चाललं असतं."

"सैल? आमच्या घरी? विहीणबाई जेवण सोडून तेवढ्यावरच बोलतील."

माईंनी हसून तागा ठेवून घेतला.

झोळी बेतताना शिष्येची कातर घसरली आणि कापडाच्या मध्यावर तांदळाच्या दाण्याएवढी चीर पडली. खरे तर तेव्हाच सांगायचे. पण तिला धीर झाला नाही. तिने ती चीर खळीने चिकटवली, बोटाने घोटली, आणि झोळी शिवून माईंच्या स्वाधीन केली. नंतर शोधली तर ती तिची तिलाही सापडेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पाणी भरून आली, तर घर सामसूम होते. आतल्या खोलीतून मात्र अंगाई ऐकू येत होती. त्या घरात कित्येक वर्षांत मूल नव्हते. तिने दाराआडून पाहिले. तुळईला झोळी टांगलेली होती. ती संथपणे हलत होती, आणि आत काहीतरी जड होते, कारण तुळई प्रत्येक झोक्याला कण्हत होती. शेजारी माई डोळे मिटून बसल्या होत्या. झोळीच्या कडेतून टोपडे दिसत होते. शिष्या पुढे झाली आणि तिने कापड बाजूला केले. टोपड्यात चेहरा नव्हता. तेल लावलेला काळाभोर वरवंटा होता.

"हळू," माई डोळे न उघडता म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय."

ती उलट्या पावली बाहेर आली. बारशाला बाळाआधी झोळीत वरवंटा ठेवतात, हे तिला ठाऊक होते. पण तो क्षणभर, आणि बायकांच्या हसण्यात. असा तासन् तास कोण जोजवतो? म्हातारीला भ्रम झाला की त्या बाळावर ही काही करणी? पळून जावे असे तिला वाटले. पण ती चीर तिला जाऊ देईना.

तिसऱ्या दुपारी माई म्हणाल्या, "आज तू हलव."

ती हलवू लागली. कडक कापड दर झोक्याला कुरकुरे, आणि आत कोणी धापा टाकत असल्याचा तिला भास होई. अचानक चर्र असा आवाज झाला. आतून कोणीतरी नखाने फाडावी तशी झोळी एका सरळ रेषेत उभी फाटत गेली. वरवंटा खाली अंथरलेल्या गोधडीवर धप्प आदळला. टोपडे घरंगळत तिच्या पायाशी आले.

"माई, बाळ पडलं," ती म्हणाली. आणि मग टोपड्याकडे बघत, "कातर माझी होती."

"ठाऊक आहे. हातानं घोटलेली खळ वेगळी चमकते." माईंनी टोपडे उचलून झटकले. "पण पोरी, मी तुझी चीर शोधत नव्हते. चीर आज कातरीनं पडली, उद्या बांगडीनं पडेल, परवा उंदराच्या दातानं. ती पडल्यावर कापड काय करतं, ते मला बघायचं होतं."

त्यांनी आपल्या जुन्या मऊ लुगड्याला मुद्दाम तेवढीच चीर पाडली. "ओढ."

शिष्येने ओढले. चीर जराशी फाकली. मग आसपासचे धागे सरकत सरकत चिरेच्या टोकाशी गोळा झाले, त्यांचा जाड पीळ झाला, आणि चीर तिथेच थांबली.

"त्या कडक कापडात धागे दाटीनं, खळीनं जखडलेले," माई म्हणाल्या. "ताण आला की एकच धागा पुढे उभा. तो तुटला की शेजारचा, आणि तोही एकटाच. इथं सरकायला जागा आहे, म्हणून एकावर बेतलं की चार जण जवळ येतात. ताठपणाला आपण बळकटी समजतो. बाळाआधी वरवंटा का, याची कारणं लोक शंभर सांगतील. मी तर आधी दगडालाच विचारून घेते." मग त्या हळूच म्हणाल्या, "तूही दोन दिवस एकटीच धरून होतीस ना?"

झोळी न्यायला आलेल्या व्यापाऱ्याने माईंकडून सारे ऐकले आणि फाटलेल्या झोळीवरून हात फिरवला. जाताना म्हणाला, "सैलच शिवा. विहीणबाईंचं मी बघतो."

बारशाला मऊ झोळीत आधी वरवंटा निजला. बायका हसल्या, शिष्या तेवढी हसली नाही. मग बाळ आले, आणि कापडाने त्याच्या पाठीचा आकार घेतला.

त्यानंतरही तिची कातर अधूनमधून घसरे. पण ती लगेच म्हणे, "माई, चीर पडली." आणि माई हातातली सुई ठेवून जवळ सरकत.