राजाच्या गच्चीवरून न दिसणारी भट्टी

"ही भट्टी नापास!" शोभासभेचे सभापती त्र्यंबकपंत कडाडले. "छप्पर फार बुटकं. शहराने मान खाली घातल्यासारखं वाटतं!"

तुळाजी भडभुंज्याची मुलगी भिवरा नकाशा गुंडाळून घरी गेली आणि उंच छपराचा नकाशा घेऊन आली.

"नापास! आता भट्टी शहराकडे नाक वर करून बघते आहे!"

तिने घुमट काढून आणला.

"नापास! लोक देऊळ समजून डोकं टेकतील आणि कपाळं भाजून घेतील!"

आता बोला! कमळगडच्या राजा मकरंदसेनाला शहर देखणं करायचं खूळ लागलं होतं. खूळच ते, दुसरं काय! गच्चीवर लोडाला टेकून बसायचं आणि डोळ्याला खुपेल ते पाडायचं. दुकान असो, घाणा असो, रंगाऱ्याची भट्टी असो, नवं काही बांधायचं तर आधी शोभासभेची मंजुरी हवी. सभेने तेल्याला सांगितलं, घाण्याच्या बैलाला भिंतीच्या रंगाची झूल घाल. चुनेवाल्याला सांगितलं, चुन्याच्या भट्टीवर जाईचा वेल चढव. वेल दुपारपर्यंत पापडासारखा वाळला आणि दंड झाला कुणाला? चुनेवाल्याला!

तुळाजीची जुनी भट्टी धुराने काळी झालेली म्हणून सभेने पाडून टाकली. वर हुकूम काढला की दिवाळीच्या आत मंजुरीची भट्टी उभी राहिली नाही, तर बापलेकीने शहरातून गाशा गुंडाळावा. म्हातारा तुळाजी कपाळाला हात लावून बसला. भिवराला त्याच्याकडे बघवेना.

ती तडक दरबारात गेली. "महाराज, नापास होऊन होऊन मी दमले. एकदाचं सांगून टाका, आपल्याला भट्टी हवी तरी कशी?"

"कशीच नको!" राजाने मिशीवर ताव दिला. "माझ्या गच्चीवरून ती दिसताच कामा नये. पण जमिनीत पुरायची नाही, झाडाआड लपवायची नाही आणि वेशीबाहेरही न्यायची नाही. आहे हिंमत?"

सभासद खदाखदा हसले. गच्चीवरून कुणाच्या अंगणात कुणाचे सांडगे वाळताहेत तेसुद्धा दिसायचं!

"दिसली नाही, तर कुठेही बांधू?" भिवराने विचारलं.

"खुशाल कुठेही!"

"अगदी कुठेही? मागाहून सभा नाक मुरडेल हो."

"नाक मुरडेल त्याचं नाक कापीन! राजाचा शब्द आहे!"

त्र्यंबकपंतांनी उगाचच आपलं नाक चाचपून पाहिलं.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी राणीसाहेबांनी चौरंग मांडला. केरसुणी आली, बत्तासे आले, पण साळीच्या लाह्या कुठून येणार? शहरातल्या झाडून साऱ्या भट्ट्या सभेने नापास केलेल्या!

"लक्ष्मीला काय नुसती शोभा खायला घालू?" राणीसाहेब राजावर बरसल्या. राजाने गच्चीवर पळ काढला.

तोच आवाज आला, तडतड! तडतड! मागोमाग खमंग वास.

"भट्टी! माझ्या शहरात भट्टी! शोधा!"

सभा धापा टाकत वर आली. दुर्बिणी फिरल्या. बाजारपेठ पाहिली, नदीकाठ पाहिला, छपरं पाहिली. भट्टी कुठेच नाही! एक सभासद डोळे मिटून म्हणाला, "आवाज जरा ओबडधोबड आहे. आवाजच नापास करावा का?"

"महाराज, वास खालून येतोय," दुसरा कुजबुजला.

राजा वाकायला गेला, पण ढेरी कठड्याला अडली. मग त्र्यंबकपंत वाकले. ते वाकले ते वाकले आणि पगडी सुटली ती थेट खाली!

खालून भिवरा ओरडली, "पंत, पगडी भाजून देऊ की कच्चीच पाठवू?"

गच्चीच्या बरोबर खाली, राजवाड्याच्या भिंतीला पाठ लावून तिची भट्टी धगधगत होती! राजाची ये-जा पलीकडच्या हत्तीदरवाजाने, त्यामुळे इकडे तो कधी फिरकतच नसे. जाळायला कोळसा, म्हणून धूर नाही. पहारेकऱ्यांना तिने राजाचा शब्द ऐकवला होता आणि वर ओंजळभर फुटाणे दिले होते.

"अगं ए!" राजा ओरडला. "माझ्या वाड्याला चिकटून भट्टी?"

"काय करू महाराज? सारं शहर पालथं घातलं. आपल्याला दिसत नाही अशी जागा एवढीच निघाली! दिव्याखाली अंधार असतो ना, त्या अंधारात मी चूल मांडली."

"पण ही वेडीविद्री आहे!" पंत किंचाळले. "बुटकी आहे! काळी आहे!"

"पंत, नाक!" भिवरा म्हणाली.

पंतांनी दोन्ही हातांनी नाक झाकलं. ते पाहून राजा जो हसत सुटला, तो कठड्यासकट हलायला लागला. हसता हसताच त्याने फुलांची परडी दोरीला बांधून खाली सोडली. ती लाह्यांनी भरून वर आली. लाह्या ओतून घेऊन राजाने मनगटातलं सोन्याचं कडं काढलं, परडीत घातलं आणि परडी पुन्हा खाली सोडली. "भट्टी मंजूर! जागा तुझ्या वडिलांच्या नावे! आणखी काय हवं ते माग!"

तुळाजी भट्टीपाशी बसून डोळे पुसत होता. म्हातारा पोटभर रडला आणि मग पोटभर हसला.

"एवढंच द्या महाराज," भिवरा म्हणाली. "यापुढे शोभासभा इथे भट्टीपाशी भरू दे. बसायला घोंगडी देईन आणि खायला गरम फुटाणे."

राजाने ते कबूल केलं. तेव्हापासून कमळगडात घाणा म्हणा, दुकान म्हणा, चुन्याची भट्टी म्हणा, सगळं मंजूर होत गेलं. तोंडात फुटाण्यांचा बकाणा भरला असताना 'नापास' म्हणून दाखवा बरं!