जुईबंदर आणि घटकेची वाटी

“मग चूक कुणाची म्हणायची, बाबा? सरळ सांगा. तिची, माझी, की यंत्राची?”

अंबरीशच्या हातात अजून बूट होते. नमस्कार-चमत्कार काही नाही, मठाच्या पायरीवर उभ्याउभ्याच त्यानं प्रश्न टाकला. खिंड चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती, पण दम खायलाही तो तयार नव्हता.

ओसरीवर वाटीबाबा पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

“कसलं यंत्र?”

“खेळातलं.”

“बरं, खेळातलं.” बाबांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. “आन् तोंड असं का रं? घरात काय आक्रीत घडल्यावानी?”

अंबरीशला राग आला. सवयच होती त्याला रागाची. पुण्यात तो नावाजलेला माणूस होता. म्हणजे निदान त्या खेळाच्या जगात तरी होता. खेळ ठोकळ्यांचा. ठोकळ्यावर ठोकळा रचून गावं उभारायची, तारा ओढायच्या, दट्टे बसवायचे आणि त्यांतून दरवाजे, चक्क्या, पाणदरवाजे चालवायचे. अंबरीशनं बांधलेल्या यंत्रांचे व्हिडिओ हजारो लोक बघत आणि ठोकळ्याला ठोकळा लावून तशीच यंत्रं आपापल्या घरी बांधत. आपलं चुकत नाही असं त्याला अलीकडे वाटायला लागलं होतं, आणि एकदा असं वाटायला लागलं की माणसाचे कान आपोआप छोटे होतात.

“बस,” बाबा म्हणाले.

तो बसला. लगेच उठला. खिशातून फोन काढून पाहिला आणि परत ठेवला.

“कुणाची वाट बघतोस?”

“कुणाची नाही.”

“आज भाऊबीज,” बाबा म्हणाले.

अंबरीशनं मान वळवली. खाली रस्त्याच्या कडेला त्याची गाडी उभी होती. तिथून वाईला बहिणीच्या घरी जायला अर्धा तास पुरला असता. दरवर्षी भाऊबीजेच्या सकाळी जुईचा फोन यायचा, “दादा, कितीला पोचतोस?” तो येऊन ओवाळून होईपर्यंत ती पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. लहानपणापासूनचा तिचा हट्ट. या वर्षी फोन आला नव्हता. अंबरीश निघाला तर होता, पण खिंडीपाशी येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडला तो पडलाच. पुढे जायचं धैर्य होईना आणि मागं फिरायला मन घेईना. मग मठाची पाटी दिसली.

“बहिणीचं काय बुडालं?” बाबांनी विचारलं.

“गाव.”

“आं?”

“खेळातलं गाव. जुईबंदर.”

मग त्यानं सांगितलं. स्कूटरवरून पडून जुईचा पाय मोडला, तेव्हा ती कित्येक महिने अंथरुणाला खिळून होती. टीव्हीला जोडायचा एक कन्सोल नवऱ्यानं आणून दिला. पडल्यापडल्या तिनं त्यावर एक बंदर उभं केलं. दीपगृह, मासळीबाजार, चढउताराच्या गल्ल्या. प्रत्येक घर कुणा ना कुणाच्या नावाचं. सासूबाईंच्या अंगणात झोपाळा. अंबरीशच्या घराला निळं दार, कारण लहानपणी त्याला निळाच रंग लागायचा. होड्या आत याव्यात पण समुद्र येऊ नये म्हणून तिला आळीपाळीनं उघडणारे दोन पाणदरवाजे हवे होते. भावाचं यंत्र जगभर गाजलेलं, मग दुसऱ्या कुणाचं कशाला घेईल ती? व्हिडिओ थांबवत थांबवत तिनं तेच बांधलं.

“आन् मग?”

“कळ दाबली. पहिला दरवाजा मिटायला हवा होता, तो मिटला नाही. दुसरा उघडला. दोन्ही सताड उघडे. त्या खेळात पाण्यानं मातीची घरं विरघळतात... सगळं गेलं.”

“परत मिळत न्हाई?”

“नाही. कन्सोलनं आधीचं पुसून वाहून गेलेलंच जपून ठेवलं.”

बाबांचे हात थांबले. “लई वाईट झालं,” ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण मनापासून म्हणाले.

हे वाक्य ऐकून अंबरीशला कसंसंच झालं. आपण हे वाक्य आजवर कुणाला म्हटलेलं नाही, हे त्याच्या मनात आलं आणि त्यानं ते घाईघाईनं झटकून टाकलं.

“पण माझ्याकडे चालतं ना!” तो जवळजवळ ओरडलाच. “माझ्या कॉम्प्युटरवर तेच यंत्र हजार वेळा चाललंय. मी तिला तेच सांगितलं. माझ्याकडे चालतं, तूच काहीतरी चुकवलं असशील.”

“ती काय म्हनली?”

“म्हणाली, ‘दादा, मी तू सांगितलंस तसंच केलं.’”

“आन् तू?”

“मी फोटो मागवला. तपासायला.” अंबरीशनं मान खाली घातली. “आणि तो फोटो लावून एक व्हिडिओ केला. नवशिक्यांच्या चुका म्हणून. नाव नव्हतं घेतलं तिचं... पण पाण्यात उरलेलं निळं दार तिनं ओळखलं असणारच.”

“लोक हसले?”

“खूप.”

शेंगांची टोपली बाबांनी दुसऱ्या मांडीवर घेतली.

“नंतर मी मित्राचा कन्सोल आणून बघितला,” अंबरीश पुटपुटला. “माझ्या हातानं बांधलं. तिथंही दरवाजा मिटला नाही. तिनं एकही तार चुकवली नव्हती.”

“मंजी तुझ्याकडं चालतंय, तिच्याकडं न्हाई. का?”

इथे अंबरीशला हुशारी आली. समजावून सांगायचं म्हटलं की त्याचा जीव थाऱ्यावर यायचा. कॉम्प्युटरवरच्या खेळात, तो म्हणाला, एक जुना दोष राहून गेलाय. दट्ट्याच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेत नुसता तारेतला प्रवाह आला, तरी दट्टा हलतो. खरं तर हलायला नको. खेळ करणाऱ्यांची ती चूकच होती, पण जाणकारांनी तिचा वापर सुरू केला आणि ती तशीच राहिली. त्याचा पहिला दरवाजा त्या चुकीच्याच जोरावर मिटायचा. कन्सोलवरचा खेळ मात्र दुसऱ्या लोकांनी नव्यानं लिहिला, आणि त्यांच्या हातून ती चूक झाली नाही.

बाबांनी डोळे बारीक केले.

“थांब. चूक हाय तिथं तुझं यंत्र चालतं.”

“हो.”

“चूक न्हाई तिथं बिघडतं.”

“आम्ही चूक म्हणत नाही, खुबी म्हणतो.”

“बरं, खुबी. मंजी तुझ्या बहिनीची चूक एवढीच, की तुझी चूक तिच्याकडं न्हवती.”

बाबा असे खो खो हसले की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. अंबरीशला त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही.

“म्हणून तर विचारतोय,” तो कुरकुरला. “चूक कुणाची? तुम्ही एकदा सांगून टाका, म्हणजे मी मोकळा.”

“सांगतो की. पन आधी वाटीला बस.”

वाटीबाबांचं खरं नाव खिंडीत कुणाला ठाऊक नव्हतं. ओसरीच्या कोपऱ्यात पाण्यानं भरलेलं तांब्याचं घंगाळ होतं आणि त्यात एक तांब्याची वाटी तरंगायची. तिच्या बुडाला बारीक भोक. पाणी हळूहळू आत चढायचं, वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. मग शेजारी टांगलेल्या पितळी तासावर, म्हणजे जाड थाळीवर, टोल द्यायचा आणि वाटी पुन्हा तरंगत सोडायची. प्रश्न घेऊन आलेल्यानं एक घटका वाटीशी बसायचं, हा मठाचा रिवाज होता. मोठमोठी माणसं बसून गेली होती.

बाबांनी रिकामी वाटी पाण्यावर ठेवली.

“ही दुपारची वाटी. बुडली की टोल दे. खाली उतारावर गवत कापनारी मान्सं हायती, टोल ऐकला की जेवायला वर येत्यात. भाकरी त्यांची, कालवन मठाचं. टोलाबिगर विळा खाली ठिवायचा न्हाई, असा त्यांचा शिरस्ता हाय. ध्यान दे.”

आणि ते शेंगा घेऊन मागं चुलीकडे गेले.

अंबरीश बसला. घटका म्हणजे चोवीस मिनिटं हे त्याला माहीत होतं. त्यानं हातातल्या घड्याळात वेळ लावून ठेवली. मग फोन पाहिला. जुईचा फोन नव्हता. आपण करावा का? करून काय बोलायचं? तुझं बरोबर होतं म्हणायचं, की खेळाच्या आवृत्तीतच फरक आहे म्हणायचं? दुसरं बरं वाटत होतं. त्यात कुणीच वाईट ठरत नव्हतं. तो उठला, ओसरीभर फिरला, पुन्हा बसला.

गुडूप.

त्यानं दचकून पाहिलं. वाटी घंगाळाच्या तळाशी होती.

घड्याळात चोवीस मिनिटं व्हायला अजून बराच अवकाश होता.

अंबरीशचा हात टोल द्यायच्या लाकडी मोगरीकडे गेला आणि मध्येच थांबला. चुकीच्या वेळी टोल कसा द्यायचा? आणि गंमत अशी, की मघापासून तळमळणारा हा माणूस आता एकदम खुशीत आला. दोष सापडला होता! त्यानं वाटी बाहेर काढली, पुसली, उजेडात धरली. भोक झिजून मोठं झालं होतं. तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यानं वाटी पुन्हा तरंगत ठेवली, घड्याळ पुन्हा लावलं आणि नाक पाण्याला लागेल इतका वाकून बसला.

खालून हाक आली. बाईचा आवाज होता.

“ओ बाबाऽऽ! आज टोल न्हाई का? पोटात कावळं वरडाय लागलं की!”

त्यानं ऐकलं. पण आता मध्येच सोडलं असतं, तर तपासणी अर्धवट राहिली असती. वाटी पुन्हा लवकर बुडाली. अंबरीशनं मांडीवर थाप मारली.

बाबा मागच्या दारातून आले. अंगाला धुराचा वास, हातात पळी.

“टोल का न्हाई दिलास?”

“बाबा, तुमची वाटी चुकीची आहे! भोक झिजलंय. दोनदा बघितलं मी. घटकेच्या आधीच बुडते.”

“आमच्याकडं चालतंय,” बाबा म्हणाले.

“चालतंय कसं? घड्याळात बघा!”

“तूच कायतरी चुकवलं असशील.”

“मी काही चुकवलं नाही!” अंबरीश उसळला. त्याचा आवाज चढला होता, कान लाल झाले होते. “मी तुम्ही सांगितलंत तसंच...”

वाक्य तोंडातच राहिलं.

तो घंगाळाकडे पाहत राहिला. पाण्याखाली वाटी निमूट पडून होती. त्याला आठवलं, फोनवर जुईचा आवाजही असाच चढला होता, आणि शेवटी शेवटी कापला होता. आणि आपण तिला विचारलं होतं, तार कुठे लावलीस. तिचं सगळं गाव वाहून गेलं होतं, तिनं सगळ्यांत आधी दादाला फोन केला होता, आणि दादानं तार विचारली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी, की बाबांकडे बघवेना.

“लवकर बुडली म्हनतोस,” बाबा हलकेच म्हणाले.

“हो.”

“पन बुडली न्हवं?”

अंबरीशनं मान हलवली. डोळे भरून आले होते, ते त्यानं बाहीला पुसले.

खालून पुन्हा हाक आली. या वेळी नुसतीच, थकलेली.

त्यानं मोगरी उचलली. तासासमोर उभा राहिला, हात वर नेला, आणि तिथेच अडखळला. खोड जाता जात नाही.

“पण आता फार उशीर झाला, बाबा. आता वाजवून काय उपयोग? आणि मुळात चूक कुणाची, ते तर राहिलंच...”

बाबांनी हातातली पळी खाली ठेवली. दाराची चौकट धरून ते उताराकडे बघत होते. त्या उताराच्या पलीकडे, घाट उतरला की, वाईचा रस्ता लागतो.

“ते मागनं बघू, लेकरा. आधी टोल दे. तिकडं कुनीतरी उपाशी थांबलंय.”