चिखलातला हुकूम

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, ऊन कडक होतं आणि ओहोटीनं पाणी पार मागं गेलं होतं. अशा वेळी आमच्या बेटाच्या धक्क्याला लाँच लागत नाही, मग पाहुण्यांना माझी बैलगाडी चिखलातून काठावर आणते. तिच्यात बसूनच, बेटावरच्या गाड्यांना परवाने देणारे मोठे साहेब म्हणाले, "म्हातारबा, बैलगाड्या बंद. बेटावर आता फक्त बॅटरीच्या गाड्या."

"कधीपासून, साहेब?"

"आत्तापासून!"

मी बैल थांबवले आणि सावकाश जू सोडायला घेतलं.

"अरे, हे काय?"

"हुकूम पाळतोय, साहेब. तुमची बॅटरीची गाडी इथं बोलवा."

साहेबांनी गुडघाभर चिखल पाहिला, स्वतःचे बूट पाहिले आणि परवाना द्यायच्या गाड्यांची यादी काढून तिच्यात पहिली माझी बैलगाडी लिहिली.

काठावर शेजारचा हरबा तांडेल म्हणाला, "धाकूआबा, आज तुझे बैलसुद्धा मान ताठ करून आले रे!"